हरणाऱ्या संघाचा एप्रिल

एप्रिल 2024मध्ये डेट्रॉइट शहराच्या मध्यभागी तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर माणसं लोटली. सामना नव्हता. व्यासपीठावर थोड्याथोड्या वेळाने कुणीतरी येऊन एक नाव वाचत होतं, आणि ते ऐकून गर्दीतले काही जण नाचत होते, काही डोक्याला हात लावत होते. ज्याचं नाव वाचलं गेलं तो विशीतला तरुण नव्या संघाची टोपी घालून पुढे येत होता. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टला त्याआधी कधी एवढी गर्दी झाली नव्हती.

हे फुटबॉल लंबगोल चेंडूचं; हाताने फेकायचं, छातीशी धरून पळायचं. त्यात नवे खेळाडू मिळवण्याची पद्धतही आपल्या ओळखीच्या लिलावापेक्षा वेगळी आहे. आयपीएलमध्ये बोली लागते. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. महाविद्यालयांतून खेळून आलेल्या तरुणांमधून 32 संघ सात फेऱ्यांत पाळीपाळीने निवड करतात आणि गेल्या हंगामात जो तळाला राहिला त्याची पाळी सर्वांत आधी येते. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी 1935 साली ही कल्पना मांडली. चांगले खेळाडू श्रीमंत आणि जिंकणाऱ्या संघांकडेच जात राहिले तर बाकीचे संपतील, हे त्यांना स्वतःच्या हरणाऱ्या संघामुळे कळत होतं. पुढच्याच वर्षी पहिला ड्राफ्ट झाला. इंडियन सुपर लीगच्या सुरुवातीच्या वर्षांत भारतीय खेळाडूंसाठी मुंबईत ड्राफ्ट झाले, त्यांचं मूळ याच पद्धतीत आहे.

आता यात एक मेख आहे आणि चाहत्यांचे सगळे वाद तिच्याभोवतीच फिरतात. संघाला आपला निवडीचा हक्क दुसऱ्या संघाला देता येतो. खेळाडू देऊन हक्क घ्या, हक्क देऊन खेळाडू घ्या, एक मोठा हक्क मोडून तीन छोटे घ्या. यंदाचाच नव्हे, पुढच्या वर्षांचाही. त्यामुळे ज्या संघाकडे आज दाखवण्यासारखं काही नाही, त्याच्याकडेही विकायला उद्या असतो. पडझड झालेला संघ पुन्हा उभा करायचा म्हणजे या उद्याचा व्यवहार करायचा. तो कसा करावा यावर व्यवस्थापक जेवढा विचार करतो, तेवढाच त्याचा चाहताही करतो. पुष्कळदा वर्षभर करतो.

डेट्रॉइट लायन्सच्या चाहत्यांना या विचाराची सवय फार जुनी. 1957नंतर त्यांच्या संघाला अजिंक्यपद मिळालेलं नाही आणि सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना तो एकदाही खेळलेला नाही. त्यानंतरच्या सहा दशकांहून अधिक काळात बाद फेरीतला एकच विजय त्यांच्या वाट्याला आला होता, तोही जानेवारी 1992मधला. 2001 ते 2008 या काळात संघाची सूत्रं मॅट मिलन यांच्याकडे होती. त्यांनी 2003, 2004 आणि 2005 अशी सलग तीन वर्षं पहिल्या फेरीत चेंडू झेलणारे रिसीव्हर निवडले. तिसऱ्या वर्षी दहाव्या क्रमांकावर माइक विल्यम्स घेतला. लगेच अकराव्यावर डॅलसने डिमार्कस वेअर घेतला, जो पुढे या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. मिलन यांना काढा, असे फलक प्रेक्षक स्टेडियममध्ये आणू लागले. 2008मध्ये लायन्स 16पैकी 16 सामने हरले. असा हंगाम त्याआधी कुणाचाच झाला नव्हता.

म्हणून या शहरात ड्राफ्टवरचा वाद ही करमणूक नाही. चुकीच्या निवडीने दहा वर्षं कशी जातात, ते लोकांनी सोसून पाहिलं आहे.

त्या सोळा पराभवांच्या बदल्यात 2009 साली पहिल्या क्रमांकाचा हक्क मिळाला आणि त्यातून मॅथ्यू स्टॅफर्ड आला. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव रचून चेंडू फेकणारा, सगळ्या खेळाची नाडी हातात असलेला खेळाडू. बारा हंगाम तो जखमा अंगावर घेऊन खेळला, पण बाद फेरीतला एकही सामना संघाला जिंकता आला नाही. अखेर त्याने निरोप मागितला. जानेवारी 2021 संपता संपता लॉस एंजेलिस रॅम्सशी सौदा ठरला: स्टॅफर्ड गेला; बदल्यात आला रॅम्सचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, 2021चा तिसऱ्या फेरीचा एक हक्क आणि 2022 व 2023चे पहिल्या फेरीचे दोन हक्क.

सौद्यावर वाद होणारच होता. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचा हा प्रकार आहे, असं एका बाजूचं म्हणणं. गॉफला रॅम्सनेच नाकारलं होतं. त्याचा मोठा पगार डेट्रॉइटच्या गळ्यात मारण्यासाठीच त्यांनी हक्कांची भर घातली, असंही बोललं गेलं. दुसरी बाजू म्हणत होती की बत्तीस-तेहेतिशीतल्या क्वार्टरबॅकची उरलेली चांगली वर्षं पडक्या संघात घालवण्यात कुणाचंच भलं नाही. नवे सरव्यवस्थापक ब्रॅड होम्स काही दिवसांपूर्वीच रॅम्समधून आले होते. तिथे ते महाविद्यालयीन खेळाडूंची पारख करणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. नवे प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल 2008च्या त्या दुर्दैवी संघातले खेळाडू. दोघांनीही घाई केली नाही. पहिल्या हंगामात संघाने फक्त तीन सामने जिंकले.

त्या हंगामाचा शेवटचा दिवस, 9 जानेवारी 2022, चाहत्यांची खरी परीक्षा पाहणारा होता. ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध लायन्स हरले असते तर ड्राफ्टमधला पहिला क्रमांक त्यांना मिळाला असता, कारण तळाच्या जॅक्सनव्हिलने त्याच दिवशी अनपेक्षितपणे सामना जिंकला. पण लायन्सनी 37-30 असा विजय मिळवला आणि क्रमांक दुसरा आला. पुढच्या दहा वर्षांसाठी आज हरावं, असं मानणारा एक वर्ग सगळ्याच हरणाऱ्या संघांच्या चाहत्यांत असतो. त्याचा हिशेब कागदावर चुकीचा नसतो. पण ड्रेसिंग रूममधल्या पन्नासेक माणसांना तो सांगता येत नाही, आणि ज्या तरुणांच्या खांद्यावर उद्याचा संघ उभा करायचा त्यांना हरण्याची सवय लावून तो उभा राहत नाही. या वादात जिंकण्यासाठीच खेळलेल्या कॅम्पबेल यांची बाजू जास्त पटते. जॅक्सनव्हिलने पहिल्या क्रमांकावर ट्रॅव्हॉन वॉकरला घेतलं. डेट्रॉइटला दुसऱ्यावर मिळाला एडन हचिन्सन, डेट्रॉइटच्याच मिशिगन राज्यात वाढलेला आणि मिशिगन विद्यापीठातूनच खेळलेला.

हक्कांच्या किमतीवर भांडायला चाहत्यांकडे मापही आहे. 1989मध्ये डॅलसने आपला सर्वोत्तम धावपटू हर्शेल वॉकर मिनेसोटाला दिला आणि बदल्यात खेळाडूंसह निवडींचा ढीग मिळवला. त्या वर्षी डॅलसने एकच सामना जिंकला. पुढे 1993 ते 1996 या चार वर्षांत तीन सुपर बोल जिंकले. मिळालेल्या हक्कांचा व्यापार करताना डॅलसच्या कचेरीत एक तक्ता तयार झाला, तो प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखला जातो. पहिल्या निवडीला 3000 गुण, दुसरीला 2600, आणि उतरत उतरत बत्तिसावीला 590. संघ आता आपापले सुधारित तक्ते वापरतात, तरी चहाच्या टेबलावरचा वाद अजून याच आकड्यांनी सुरू होतो.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी या किमतींचा कसून अभ्यास केला. थेलर यांना पुढे 2017 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोघांचा निष्कर्ष असा, की संघ अगदी वरच्या निवडींसाठी वाजवीपेक्षा फार जास्त मोजतात, कारण आपली नजर अचूक आहे याबद्दल प्रत्येकाला नको तेवढी खात्री असते. शहाणा संघ वरचा हक्क मोडून खालचे अनेक घेतो. तो अभ्यास झाला तेव्हा नवख्यांचे पगारही अवाढव्य होते. 2010च्या पहिल्या क्रमांकाला, सॅम ब्रॅडफर्डला, पाच कोटी डॉलरांची हमी मिळाली होती. लीग आणि खेळाडूंमधल्या 2011च्या नव्या करारानंतर त्या वर्षीच्या पहिल्या क्रमांकाचा, कॅम न्यूटनचा, चार वर्षांचा सगळा करार सव्वादोन कोटींच्या आत बसला. चांगला नवखा खेळाडू तेव्हापासून स्वस्तात मिळू लागला आणि निवडीच्या हक्काचं मोल आणखी वाढलं.

रॅम्सकडून आलेल्या हक्कांची गोष्ट तर चाहत्यांनी अक्षरशः सामन्यागणिक जगली. स्टॅफर्डने पहिल्याच वर्षी रॅम्सला सुपर बोल जिंकून दिला. डेट्रॉइटमध्ये अनेकांना त्याच्यासाठी मनापासून आनंद झाला, पण विजेत्याचा हक्क म्हणून 2022ची ती निवड पहिल्या फेरीत सगळ्यांत शेवटची, बत्तिसावी ठरली. लायन्सनी ती आणखी दोन हक्कांसह मिनेसोटाला देऊन बारावा आणि शेहेचाळिसावा क्रमांक घेतला आणि बाराव्यावर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरणारा जेमसन विल्यम्स निवडला. दुखापत, मग जुगाराच्या नियमभंगाबद्दल बंदी. दोन वर्षं ही निवड वाया गेली असंच बोललं जात होतं. 2024च्या हंगामात त्याने 1001 यार्ड मिळवले.

2022च्या हंगामात मात्र रॅम्स कोसळले. 17पैकी 12 सामने हरले, आणि त्यांचा दर पराभव डेट्रॉइटचा हक्क वर सरकवत गेला. शेवटच्या दिवशी परिस्थिती उलटी झाली: लायन्सना बाद फेरी गाठायची तर रॅम्सनी सिएटलला हरवणं गरजेचं होतं. रॅम्स जादा वेळेत हरले. लायन्सचं दार बंद झालं. तरीही त्याच रात्री त्यांनी ग्रीन बेला 20-16 असं हरवलं. हाती राहिला सहावा क्रमांक.

या सहाव्या क्रमांकाचं काय करायचं, यावर 2023च्या त्या हिवाळ्या-वसंतात डेट्रॉइटमध्ये जेवढा खल झाला तेवढा क्वचितच झाला असेल. नवा क्वार्टरबॅक घ्यावा का, हा पहिला प्रश्न. पण गॉफने हंगामाच्या उत्तरार्धात संघाला शेवटच्या दहापैकी आठ सामने जिंकून दिले होते. मग बचावासाठी जेलन कार्टर की ख्रिश्चन गोन्झालेझ? होम्स यांनी दोघांनाही सोडलं. सहावा आणि एक्याऐंशीवा हक्क ॲरिझोनाला देऊन त्यांनी बारावा, चौतिसावा आणि पाचव्या फेरीतला एक हक्क घेतला. जुन्या तक्त्यात दिलेले गुण 1785 होतात आणि मिळालेलेही जवळजवळ तेवढेच. सौद्यावर कुणाची तक्रार नव्हती. तक्रार पुढच्या निवडीवर झाली: बाराव्यावर जाहमीर गिब्स, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक. या जागेचे खेळाडू लवकर झिजतात, पुढच्या फेऱ्यांतही मिळतात, म्हणून पहिल्या फेरीत त्यांना घेऊ नये, हे आजच्या चाहत्याला तोंडपाठ आहे. त्यात संघाने महिन्याभरापूर्वीच डेव्हिड मॉन्टगोमरी हा त्याच जागेचा खेळाडू करारबद्ध केला होता.

गिब्सने दुसऱ्या हंगामात 1412 यार्ड धाव घेतली. चौतिसाव्या क्रमांकावर घेतलेल्या सॅम लापोर्टाने पहिल्याच वर्षी 86 झेल घेतले, नवख्या टाइट एंडसाठी, म्हणजे अडवणं आणि झेलणं दोन्ही करणाऱ्या खेळाडूसाठी, तो तेव्हाचा विक्रम होता. टीका करणारे चुकले, असं मात्र सरसकट म्हणता येणार नाही. कार्टर फिलाडेल्फियाच्या सुपर बोल विजेत्या संघाचा आधार झाला आणि गोन्झालेझ लीगमधल्या उत्तम बचावपटूंत गणला जाऊ लागला. होम्स यांनी निवडलेले चांगले निघाले आणि सोडलेलेही. वाद संपायचा तरी कसा?

सगळे वाद पहिल्या फेरीपुरते नसतातच. 2021मध्ये चौथ्या फेरीत, एकशेबाराव्या क्रमांकावर, लायन्सनी अमोन-रा सेंट ब्राउनला घेतलं. त्याच्याआधी सोळा रिसीव्हर निवडले गेले होते आणि त्या सोळाही जणांची नावं तो क्रमाने सांगतो.

हक्क जमवून संघ उभारण्याचा हाच मार्ग धरून क्लीव्हलंडची मात्र फरपट झाली. ब्राउन्स संघाने 2016 आणि 2017मध्ये वरचे हक्क मोडून पुढच्या वर्षांचे साठवले. त्या दोन हंगामांत 32पैकी एकच सामना जिंकला. जानेवारी 2018च्या कडाक्याच्या थंडीत चाहत्यांनी स्टेडियमभोवती सगळ्या पराभवांची मिरवणूक काढली. साठवलेल्या हक्कांतून काही चांगले खेळाडू आले खरे. पण मार्च 2022मध्ये संघाने पुढची तीन वर्षं पहिल्या फेरीचा हक्क सोडून आणि 23 कोटी डॉलरांची पूर्ण हमी देऊन डेशॉन वॉटसनला आणलं, आणि तो सौदा बंदी, दुखापती आणि सुमार खेळात बुडाला. हक्क जमवणं आणि त्यांचा योग्य उपयोग करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

14 जानेवारी 2024ला डेट्रॉइटच्या फोर्ड फील्ड स्टेडियमवर बाद फेरीचा सामना होता आणि समोर रॅम्सच होते, स्टॅफर्डसह. बारा वर्षं ज्याला डोक्यावर घेतलं त्याची त्या रात्री हुर्यो उडाली आणि रॅम्सने नाकारलेल्या गॉफच्या नावाचा घोष झाला. लायन्स 24-23 असे जिंकले, बत्तीस वर्षांनी. एकाला सुपर बोल, दुसऱ्याला उभा राहिलेला संघ. सौद्यात एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचं नुकसान, हे गृहीतक धरून तीन वर्षं चाललेल्या वादाला त्या सामन्याने वेगळंच उत्तर दिलं.

नंतर वाद बदलले. 2024च्या वसंतात सेंट ब्राउनचा 12 कोटींहून जास्त डॉलरांचा, संघातल्याच पेनेई सूएलचा 11 कोटी 20 लाखांचा आणि गॉफचा 21 कोटी 20 लाखांचा करार झाला. प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा असते, त्यामुळे स्वस्तातले नवखे महाग झाले की कुणाला तरी सोडावंच लागतं. त्या हंगामात लायन्सनी 17पैकी 15 सामने जिंकले आणि पहिल्याच बाद सामन्यात वॉशिंग्टनकडून हरले. जानेवारी 2025 संपण्याआधी त्यांचे आक्रमणाचे प्रशिक्षक बेन जॉन्सन शिकागोला आणि बचावाचे ॲरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. त्या दोन संघांना आता आपली पडझड सावरायची होती.