दीड वीत तोफ, सव्वा मीटर धक्का

विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली. लांबी जवळजवळ साडेचार मीटर, वजन ५५ टन. तिची एक दशांश मापाची हुबेहूब प्रतिकृती केली, तर लांबी भरेल हातभर, ४४ सेंटिमीटर. टेबलावर सहज मावेल. पण उचलायला जाल तर सिमेंटच्या गोणीपेक्षा जड, ५५ किलो! लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहाव्या हिश्शावर आल्या की वजन हजाराव्या हिश्शावर येतं, आणि ५५ टनांचा हजारावा हिस्साही एका माणसाची कंबर धरायला पुरेसा असतो.

इंग्लंड-अमेरिकेत अशा छोट्या तोफा लेथवर घडवून काळ्या दारूचा बार काढणारे हौशी कारागीर आहेत. त्यांच्यासाठी खरी परीक्षा नळीची नसते, गाड्याची असते. ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाचंच उदाहरण घ्या. १८०५च्या ट्रफाल्गरच्या लढाईत तिच्यावर १०४ तोफा होत्या. सगळ्यात खालच्या तोफमजल्यावर ३२ पौंडी तोफा, एकेक नळी २.९ मीटर लांब आणि सुमारे २,८०० किलोची. एक दशांश मापात ती होते २९ सेंटिमीटरची, दीड वितीहून कमी. वजन २.८ किलो. साडेचौदा किलोचा लोखंडी गोळा साडेचौदा ग्रॅमचा होतो, बोराएवढा.

इथपर्यंत सगळं निमूटपणे लहान होत गेलं. आता बत्ती द्या.

गोळ्याचा वेग दोन्हीकडे सारखाच ठेवला, सेकंदाला ४९० मीटर, तर तोफेचा मागे येण्याचा वेगही सारखाच राहतो, कारण गोळा आणि तोफ यांच्या वजनाचं प्रमाण बदललेलंच नाही. गाड्यासकट तोफ सेकंदाला अंदाजे पावणेतीन मीटर वेगाने मागे येते. तिला थांबवणार कोण? जमिनीचं घर्षण. आणि घर्षण गुरुत्वाकर्षणाच्या जिवावर चालतं, ते काही आपल्या मापाने लहान होत नाही. बेताचं घर्षण धरलं तर खरी तोफ साधारण सव्वा मीटर मागे येऊन थांबते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या निम्म्याहूनही कमी. छोटीही सव्वा मीटरच येते, स्वतःच्या लांबीच्या चौपटीहून जास्त! टेबलाच्या कडेवरून ती खाली गेलेली असते.

आणि हे सगळं घडतं कितीशा वेळात? मोठ्या नळीतून गोळा सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात बाहेर पडतो, छोट्या नळीतून हजाराव्या. तोच वेग दहापट कमी वेळात घ्यायचा म्हणजे हिसका दहापट. छोट्या तोफेला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या पावणेतीनशे पटींच्या घरात जातो. अर्ध्या किलोच्या लाकडी गाड्याला नळीच्या दोन आडव्या खुंटांमधून क्षणभर १४० किलोची लाथ बसते. खुंट ज्या फळ्यांत बसतात त्या गोळ्याच्या व्यासाइतक्या जाड, म्हणजे इथे १६ मिलिमीटर. त्यात लाकडाचे रेषे उभे आले की फळी उभी चिरलीच म्हणून समजा. रेषे आडवे, नळीच्या लांबीच्या दिशेनेच हवेत.

म्हणून गाडा निवडताना नुसतं देखणेपण पाहून भागत नाही. मैदानी तोफेचा गाडा दिसायला अप्रतिम. अमेरिकन यादवीतल्या १२ पौंडी ‘नेपोलियन’ तोफेची चाकं १.४५ मीटर उंच, प्रत्येकाला १४ आरे, वर लोखंडी धाव. पण ही चाकं पळण्यासाठीच असतात. त्या गाड्याची लांब शेपटी मातीत रुतते तेव्हा कुठे तो आवरतो. फरशीवर ती रुतणार कशात? जहाजी गाड्याची लाकडी चाकं मुद्दाम बुटकी आणि अडखळती असत. पहिल्यांदाच तोफ करणाऱ्याने, मला विचाराल तर, हाच गाडा घ्यावा. (आपल्याकडे बार उडवणारी तोफ, आकाराने कितीही लहान असली तरी, १९५९च्या शस्त्र कायद्यात येते. परवाना नसेल तर ती शोभेचीच ठेवावी.)

दारूचे दाणे मापाने लहान होत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. त्यामुळे खऱ्या तोफेच्या दारूला हजाराने भागून आलेला आकडा छोटीत कधीच भरायचा नसतो. जाणकार त्याहून कितीतरी कमी दारू घालतात.

एक गोष्ट मात्र मापात चोख उतरते. जहाजावर तोफेच्या शेपटामागून ओवून भिंतीच्या कड्यांना बांधलेला दोर, सुमारे १८ सेंटिमीटर घेराचा. एक दशांशात त्याची जाडी होते पावणेसहा मिलिमीटर, कपडे वाळत घालायच्या दोरीएवढी. धक्क्याची ऊर्जा हजाराव्या हिश्शावर येते. दोराची ताकद शंभराव्या आणि ताणायला मिळणारी लांबी दहाव्या हिश्शावर, म्हणजे दोन्ही मिळून हजारावाच हिस्सा. तेवढी दोरी कड्यांना पक्की बांधली, की टेबलावरची तोफ टेबलावरच राहते.