🐓 कोंबडी कोणती घ्यावी? आधी गिऱ्हाईक ठरवा, मग जात



मागच्या आठवड्यात पिंपरी पेंढारच्या एका सभासद ताईंचा फोन आला. "दादा, परसात तीसेक कोंबड्या पाळायच्यात. अंडीपण हवीत अन् खायला-विकायला कोंबडेपण. कडकनाथ घेऊ का गिरिराज?" असाच प्रश्न बऱ्याच जणांचा असतो, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहितोय.

ताईंना आम्ही उलट विचारलं, "अंडी घेणार कोण?" त्या गप्प झाल्या. खरी गोम तिथंच आहे. जात नंतर ठरवायची. आपला माल कोण घेणार, ते आधी ठरवायचं.

*इस्लामपूरची आठवण ठेवा*
२०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीचं कडकनाथ प्रकरण गाजलं. पिल्लं आमची, अंडी-कोंबड्याही आम्हीच विकत घेऊ, असा वायदा होता. पुढं खरेदी थांबली. शेतकऱ्यांचे पैसे अडकले, पोलिसांत गुन्हे दाखल झाले. दारात पक्षी होते, पण घेणारा कोणी नव्हता. यात कोंबडीचा दोष नाही. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआची अस्सल जात आहे, २०१८ मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती सावकाश वाढते आणि वर्षाला साधारण ८० ते १०० अंडी देते. ओळखीचं, जादा दर देणारं गिऱ्हाईक हातात असेल तरच घ्या. नवख्यानं सुरुवात तिथून करू नये.

*मग कोणती घ्यायची?*

🥚 *अंडी मुख्य हवी असतील तर ग्रामप्रिया.* हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं परसासाठी तयार केलेली जात. अंगानं हलकी, चपळ. निगा चांगली असेल तर वर्षाला १६० च्या आसपास अंडी, तीही तपकिरी. आठवडे बाजारात तपकिरी अंड्याला पांढऱ्यापेक्षा बरा भाव मिळतो. कोंबडे मात्र हळू भरतात.

🍗 *कोंबडे विकायचे असतील तर वनराजा किंवा गिरिराज.* वनराजा हैदराबादच्याच संस्थेची, गिरिराज बंगळूरची. अंगानं भारी, रंगीत. नीट खाऊ घातलं तर अडीच-तीन महिन्यांत कोंबडा दीड किलोच्या आसपास जातो. अंडी ग्रामप्रियापेक्षा कमी, वनराजाची वर्षाला शंभर-सव्वाशे धरा. भारी अंगामुळं कुत्रं किंवा मुंगूस आलं तर यांना लवकर पळता-उडता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

🏠 *गावठी.* अंडी कमी, वर्षाला ५० ते ७०. पण खुडूक बसून पिल्लं काढण्यात आणि जपण्यात तिच्यासारखी दुसरी नाही. भावही चांगला.

पांढरी लेअर वर्षाला ३०० च्या पुढं अंडी देते, ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जातो. पण दोन्ही शेडमधले, विकतच्या खाद्यावरचे धंदे आहेत. परसात सोडून पाळायचे पक्षी नव्हेत.

*इथं बरेच जण फसतात*
ग्रामप्रिया, वनराजा, गिरिराज सहसा खुडूक बसत नाहीत. शिवाय त्यांच्या अंड्यांतून घरी काढलेल्या पिल्लांत आईबापांचे गुण तसेच उतरत नाहीत, अंडी आणि वजन घटतं. म्हणून या जातींची पिल्लं दरवेळी नवी आणावी लागतात. तो खर्च आधीच धरा. घरीच पिल्लं काढायची असतील तर दोन-तीन गावठी कोंबड्या ठेवाच.

*हिशेब करून बघा*
३० पिल्लं आणली. नर-मादी वेगळे करून मिळाले नाहीत तर निम्मे कोंबडे निघणार. थोडी मर धरली तर १२ कोंबड्या हाती राहतील. ग्रामप्रिया असेल तर १२ × १६० म्हणजे वर्षाला १,९२० अंडी, दिवसाला सरासरी ५. पहिलं अंडं साडेपाच-सहा महिन्यांनी. तोवर फक्त खर्च. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. निम्मं ती परसात उकरून मिळवेल, निम्मं मका, बाजरी, तांदळाची कणी असं आपण घालायचं. कवच पातळ येत असेल तर शिंपल्यांचा चुरा द्या.

*आपल्या भागासाठी चार गोष्टी*
1️⃣ पहिल्यांदाच पाळत असाल तर एका दिवसाची पिल्लं नकोत. महिनाभर वाढवलेली, लसी दिलेली घ्या. महाग पडतात, पण ऊब देण्याचा नाजूक काळ सरलेला असतो.
2️⃣ मानमोडीची लस चुकवू नका. रोग शिरला तर खुराडं रिकामं होतं. कोणती लस दिली, पुढची कधी, हे पिल्लं घेतानाच लिहून घ्या.
3️⃣ बिबट्याचं आपल्याला सांगायला नको. खुराडं उसाच्या कडेला नको, घराजवळ असू द्या. जाळी मजबूत, वरूनही बंद. दिवस मावळायच्या आत कोंबड्या कोंडा आणि अंधारात खुराड्याकडं एकट्यानं जाऊ नका.
4️⃣ कांदा-टोमॅटोवर फवारणी झाली की त्या रानात कोंबड्या सोडू नका.

पिल्लं आणि माहितीसाठी नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र, जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आणि पुण्यातलं खडकीचं सरकारी अंडी उबवणी केंद्र इथं चौकशी करा. पिल्लं कधी मिळतील ते आधी विचारा, मगच खुराड्याला हात घाला.

ताईंचं काय ठरलं? त्यांनी आळीत अन् ओतूरच्या दोन दुकानांत विचारलं. अंड्यांना मागणी निघाली. आता २५ ग्रामप्रिया आणि जोडीला ३ गावठी, असं ठरलंय.

तुम्हीही या आठवड्यात एवढंच करा. पाच घरं आणि दोन दुकानं फिरा. अंडी घेणार का, किती, काय भावानं, हे वहीत लिहा. ती वही घेऊन कंपनीच्या कार्यालयात या, जात सोबत बसून ठरवू.

पाळणाऱ्या शेजाऱ्यालाही हा संदेश पाठवा. 🌾