उपासाला साबुदाणा की काकडी?

श्रावण-नवरात्र आलं की आपण साताऱ्या-सांगलीकडच्या बायका एकमेकींना विचारतो, "आज उपासाला काय केलंस?" उत्तर ठरलेलं असतं, खिचडी. हल्ली मात्र "काही नाही, नुसती काकडी-गाजर" असंही कानावर येतं. कुणाला वजन उतरवायचं असतं, कुणाला खिचडीनं पित्त होतं. आज त्याबद्दलच बोलू.

आधी खिचडीचा हिशेब. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण 350 कॅलरी. त्यात मूठभर दाण्याचं कूट, बटाटा, वरून तूप. ताटली 600 च्या पुढे गेलीच. तेवढ्या कॅलरी काकडीतून मिळवायच्या तर चार किलो काकडी खावी लागेल! म्हणजे खिचडी हे जेवणच झालं, आणि कच्च्या भाज्यांचा दिवस हा खरा कडक उपास. पाणी आणि चोथा भरपूर, म्हणून पोट भरल्यासारखं वाटतं. अंगाला लागत फारसं नाही.

"पण गाजर उपासाला चालतं का?" सासूबाई विचारणारच. घरोघरची रीत निराळी, त्यात आम्ही पडत नाही. एवढंच सांगतो, साबुदाण्याचा कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. काकडी मात्र आपल्याच देशातली.

धडधाकट बाईनं एकादशीचा एक दिवस काकडी, महाबळेश्वरची गाजरं, मुळा खाऊन काढला तर हरकत नाही. पण नवरात्राचे नऊ दिवस, तेही भांगलणीला जाऊन? नको. कष्टाच्या कामाला दिवसाला 2000 च्या वर कॅलरी लागतात. किलोभर काकडी देते 150. उरलेलं शरीर चरबीतून काढतं, तसं स्नायूंतूनही काढतं. मग चौथ्या माळेला बांधावर चक्कर येते. आधीच आपल्या अंगात रक्त कमी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर हा विचारच करू नये.

सगळ्यात जपायचं मधुमेहाच्या बायकांनी. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन नुसत्या काकडीवर राहिलात, तर रक्तातली साखर फार खाली येऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढं अंधारी. असं झालं की उपास मोडेल म्हणून थांबू नका, लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाका. आणि उपासाआधीच डॉक्टरांना विचारा, गोळीचं काय करू म्हणून. मनानं गोळी बंद करू नका.

आम्हाला विचाराल तर खमंग काकडी बरी. दाण्याचं कूट, लिंबू, तूप-जिऱ्याची फोडणी, जोडीला वाटीभर दही आणि एखादं रताळं. पोटही भरतं, अंगातही ताकद राहते.

कच्ची भाजी चोळून, स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुवा. गाजर-मुळ्याची साल काढा. मातीबरोबर जंतांची अंडी पोटात जातात.