कामतृष्णेचे व्यसन आणि सहजीवन

जालना जिल्ह्यातील भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन असे होते. सांची व भरहूत येथील स्तूपांवरील दानलेखांत या नगरीच्या दात्यांचा उल्लेख आढळतो. पालीत ‘भोग’ या शब्दाचा अर्थ संपत्ती असाही आहे आणि उपभोग असाही. भगवान बुद्धांनी गृहस्थाला यांपैकी काहीच वर्ज्य सांगितले नाही. पंचशीलातील तिसऱ्या शीलाने निषेध केला आहे तो मिथ्याचाराचा, कामाचा नव्हे. मग इच्छा कोठे संपते आणि तिचे दास्य कोठे सुरू होते, हा प्रश्न उरतो. त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

‘लैंगिक व्यसन’ हा शब्दप्रयोग रूढ होण्यास पॅट्रिक कार्न्स या अमेरिकन मानसतज्ज्ञाचे १९८३ मधील पुस्तक पुष्कळ अंशी कारणीभूत झाले. ते व्यसन आहे की नाही, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात मात्र ‘अनिवार्य लैंगिक वर्तनाची विकृती’ अशी स्वतंत्र नोंद आहे. तिची गणना आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत होते. लक्षणे अशी की लैंगिक वर्तन आयुष्याच्या केंद्रस्थानी येते आणि आरोग्य व कर्तव्ये यांची हेळसांड होते. आवरण्याचे प्रयत्न वारंवार फसतात. हानी दिसत असूनही, किंबहुना समाधान मिळेनासे झाले तरी, वर्तन चालूच राहते. हे सहा महिने वा अधिक काळ टिकले आणि त्याने जीवन विस्कटले, तरच निदान करावे. केवळ इच्छा तीव्र आहे, किंवा समाजाच्या नीतिकल्पनांमुळे अपराधी वाटते, एवढ्यावरून कोणास रोगी ठरवू नये, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे.

समाधान नसतानाही वर्तन का थांबत नाही? मज्झिमनिकायातील मागण्डिय सुत्तात एका कुष्ठरोग्याचा दृष्टान्त आहे. तो जखमा खाजवतो, निखाऱ्यांवर शेकतो. क्षणभर बरे वाटते, परंतु जखमा अधिकच चिघळतात आणि पुन्हा शेकावेसे वाटते. बरा झाल्यावर मात्र त्याच निखाऱ्यांकडे त्याला कोणी बळजबरीने ओढू लागले, तर तो अंग चोरील. आग दोन्ही वेळी सारखीच होती. रोग असताना तिचा दाह त्याला सुख वाटत होता. पुष्कळांच्या बाबतीत एकटेपणा, चिंता किंवा अपमान यांची वेदना विसरण्यासाठी हे वर्तन सुरू होते. वेदना तशीच राहते आणि उपायच नवी वेदना होतो. आज हातातील मोबाईलने हा निखारा चोवीस तास धगधगता ठेवला आहे.

जवळिकीवर याचा काय परिणाम होतो, हे संयुक्तनिकायातील संगारव सुत्तावरून उमगते. कामच्छंदाने व्यापलेले चित्त लाख, हळद, नीळ मिसळलेल्या पाण्यासारखे असते. त्यात डोळस माणसालाही स्वतःचा चेहरा जसा आहे तसा दिसत नाही. अशा चित्ताला स्वतःचे हित कळत नाही, दुसऱ्याचे कळत नाही आणि उभयतांचेही कळत नाही. सहजीवन उभे असते ते या उभयतांच्या हितावर. व्यसनग्रस्ताला शेजारची व्यक्ती दिसतच नाही. तिचा थकवा, तिचा नकार, तिचे मन यांना मोल राहत नाही. लपवाछपवी वाढते, विश्वास तुटतो. पुष्कळदा पत्नी स्वतःतच उणीव शोधू लागते. सिगालोवाद सुत्तात पतीने पत्नीचा सन्मान करावा, अवमान करू नये, एकनिष्ठ राहावे, असे सांगितले आहे. म्हणून विकाराचे निदान ही बळजबरीची सबब होऊ शकत नाही. रुग्ण करुणेस पात्र आहे, पण पत्नीचा नकार अबाधितच राहिला पाहिजे.

या दुःखावर सर्वांत जाड पडदा आहे तो लाजेचा. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू करून हा पडदा दूर सारण्याचा प्रयत्न केला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. परंतु अज्ञानाला लाजेच्या नव्हे, ज्ञानाच्या स्वाधीन करावे, ही भूमिका आपल्याला वारसा म्हणून मिळाली.

सतिपट्ठान सुत्त सांगते की चित्त सराग असेल तर ते सराग आहे असे जाणावे. तेथे धिक्कार नाही, समर्थनही नाही. हे जाणणे हा आरंभ होय. ध्यान हा वैद्यकीय उपचाराला पर्याय नव्हे. समुपदेशन, पती-पत्नींचे एकत्र समुपदेशन आणि आवश्यक तेथे औषधे यांचा उपयोग होतो. रस्त्याकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोगा’ची जाहिरात करणाऱ्या वैदूंकडे न जाता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक खेड्यातूनही लावता येतो. रंग निवळला की त्याच पाण्यात प्रथम स्वतःचा चेहरा दिसतो, आणि मग शेजारी बसलेल्या माणसाचाही.