पाहुण्यांना इंदूर दाखवताना

दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या घरांत पुणे, मुंबई, नागपूरकडची पाहुणे मंडळी येतात. आत्या, मावश्या, मामे-चुलत भावंडे असा सारा गोतावळा जमतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'सराफ्याला केव्हा जायचं?' आणि जाताना सोबत न्यायची वस्तूही ठरलेली असते, ती म्हणजे शेव-नमकीनची पाकिटे. यात गैर काहीच नाही. पण तीन-चार दिवस राहून पाहुणे केवळ एवढेच घेऊन परतत असतील, तर त्यांना इंदूर दाखवण्यात आपण कुठेतरी कमी पडतो, असे आम्हां शिक्षकांना वाटते.

याचे कारण असे की, या शहराची मराठी बाजू पाहुण्यांना आपणच सांगू शकतो. रिक्षावाला त्यांना राजवाड्याच्या दारात सोडेल, पण आतल्या देवळाची कथा सांगणार नाही. ती सांगायला घरातला मुलगा किंवा मुलगी सोबत हवी. मात्र वर्गात विचारले, तर राजवाडा आतून पाहिलेली मुले फार थोडी निघतात. सराफा सर्वांना पाठ! म्हणून या अंकात आम्ही आमच्या आवडीची ठिकाणे देत आहोत. पाहायची, खायची आणि निवांत बसायची अशी तिन्ही प्रकारची. प्रत्येक ठिकाणी सांगण्यासारखे काय आहे, तेही सोबत देत आहोत.

सकाळ : पोहे-जिलबी

दिवसाची सुरुवात पोह्यांनी करावी. पाहुणे म्हणतील, 'पोहे तर आम्ही रोज खातो.' त्यांना फरक समजावून सांगावा. आपल्या घरचे कांदेपोहे कढईत परतून लगेच वाढतात. इंदूरच्या ठेल्यावर मात्र पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली असते, त्यामुळे ते वाफेवर तासन् तास मऊ आणि गरम राहतात. फोडणीत बडीशेप असते, आणि वर कच्चा कांदा, शेव, लिंबू व जिरावन हा खास माळवी मसाला भुरभुरतात. जोडीला गरम जिलबी. तिखट आणि गोड एकाच वेळी कसे खायचे, असे विचारणारे पाहुणे दुसऱ्या दिवशी स्वतःहून जिलबी मागतात. त्यासाठी लांब जायला नको, घराजवळच्या ज्या ठेल्यावर सकाळी गर्दी असते तो चांगला समजावा.

राजवाडा आणि आसपास

सकाळी ऊन चढण्यापूर्वी राजवाड्यापासून पायी फिरावे. राजवाडा सात मजली आहे. खालचे मजले दगडी, तर वरचे लाकडी. मुलांनी पाहुण्यांना हा फरक चौकात उभे राहून दाखवावा. ही वास्तू अनेकदा जळली आहे. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले, तेव्हा राजवाड्याचीही नासधूस झाली. म्हणजे मराठ्यांनीच मराठ्यांचे शहर जाळले. हे सांगायला अवघड असले तरी सांगावे, कारण इतिहास केवळ अभिमानाचा नसतो. पुढे १९८४ च्या दंगलीत मागचा मोठा भाग आगीत गेला व नंतर तो पुन्हा उभारण्यात आला. आत मल्हारी मार्तंडाचे देऊळ आहे. जेजुरीचा खंडोबा तो हाच, होळकरांचे कुलदैवत. पाहुण्यांपैकी कित्येकांचे कुलदैवतही खंडोबाच असते, आणि इथे त्याचे दर्शन होईल अशी त्यांना कल्पनाही नसते.

राजवाड्याशेजारी गोपाळ मंदिर आहे. ते कृष्णाबाई होळकर यांनी १८३२ मध्ये बांधविले. तेथून थोडे चालले की नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या लागतात, त्याही होळकर घराण्याच्याच. छत्री म्हणजे समाधीस्थानावरचे स्मारक, हे लहान मुलांना सांगावे लागते. नाहीतर ती पावसाळ्याची छत्री शोधतात! संध्याकाळी तेथील दगडी नक्षीवर प्रकाश छान पडतो. नदीला पूर्वी खान म्हणत, आता कान्ह म्हणतात.

पुढे गांधी हॉल आहे. १९०४ मध्ये बांधलेल्या या इमारतीचे मूळ नाव किंग एडवर्ड हॉल. १९४८ मध्ये ते बदलून महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. वरच्या चार तोंडी घड्याळामुळे जुने लोक तिला घंटाघर म्हणतात. दुसऱ्या बाजूला इतवारियात सर सेठ हुकुमचंद यांनी बांधविलेले काचमंदिर हे जैन मंदिर आहे. भिंती, छत, खांब सगळीकडे काचकाम. आत छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारावे व शांतता पाळावी.

दुपार : लालबाग आणि संग्रहालय

जेवायला दाल-बाफले खाऊ घालावेत. बाटी थेट भाजतात, तर बाफला आधी पाण्यात उकडून मग भाजतात व तुपात बुडवतात, हा दोहोंतला फरक. मात्र बाफले जेवल्यावर झोप येणारच, तेव्हा पुढचा कार्यक्रम तासभर उशिरा ठेवावा.

लालबाग महालाचे काम १८८६ मध्ये सुरू झाले आणि १९२१ मध्ये पुरे झाले. दुसरे तुकोजीराव, शिवाजीराव आणि तिसरे तुकोजीराव अशा तीन राज्यकर्त्यांची ही कारकीर्द. फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकासारखे असून ते इंग्लंडमध्ये ओतवून आणले. नृत्याच्या दालनाची लाकडी जमीन स्प्रिंगवर बसविलेली आहे. महालात दुरुस्तीची कामे चालतात, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी. सोमवारी लालबाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.

मोठ्या टपालघराजवळचे केंद्रीय संग्रहालय आपल्याकडचे बरेच लोक रोज पाहतात, पण बाहेरून! आत परमारकालीन मूर्ती आहेत, त्यांत हिंगलाजगडच्या मूर्ती फार सुंदर. होळकरांच्याही आधी माळव्यात काय होते, ते येथे समजते.

रात्र : सराफा आणि छप्पन

आता सराफा. दिवसा येथे सोन्या-चांदीची दुकाने असतात. ती मिटली की त्याच ओट्यांपुढे रात्री खाण्याचा बाजार भरतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतो. आमचा सल्ला असा की, एका माणसाने एक पूर्ण प्लेट घेऊ नये. चौघांत एक घ्यावी, म्हणजे सात-आठ पदार्थ होतात. भुट्ट्याचा कीस म्हणजे किसलेली मक्याची कणसे दुधात शिजवलेली. खोबरा पॅटिस म्हणजे बाहेर बटाटा, आत खोबरे. जोशींचा दहीवडा हवेत उडवून झेलतात, तो पाहायलाच अर्धी गर्दी असते. साबुदाण्याची खिचडी येथे वर शेव-चिवडा आणि मसाला घालून देतात. उपास नसताना रात्री अकराला खिचडी खाणारे शहर हेच असावे! गराडू हा कंद मात्र थंडीतच मिळतो. तळून, मसाला-लिंबू लावून देतात. मे महिन्यात येणाऱ्या पाहुण्यांना तो दाखवण्याचे वचन देऊ नये. इंदुरी शिकंजी मागवताना आधीच सांगावे की ती लिंबाची नसून आटवलेल्या दुधाची असते, नाहीतर पाहुणे गोंधळतात.

आजी-आजोबांना सराफ्याची गर्दी झेपत नाही. त्यांच्यासाठी पलासियातले छप्पन दुकान बरे. २०२० मध्ये त्याची नव्याने रचना झाली, आता तेथे वाहने आत येत नाहीत व बसायला जागा आहे.

खाऊन झाल्यावर द्रोण कचरापेटीतच टाकावा, हे पाहुण्यांना प्रेमाने सांगावे. २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षे पहिले आले. पण ही गोष्ट जुनी आहे. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने बोलावले होते. त्यांनी शहराचा अहवाल १९१८ मध्ये दिला. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीला एक मिरवणूक काढली. जे मोहल्ले सर्वांत स्वच्छ, तेथून मिरवणूक जाणार, असे जाहीर केले. लोकांनी घरे आणि गल्ल्या झाडून काढल्या. ही हकिकत पाहुण्यांना हमखास आवडते.

निवांत बसायला

रोज नुसती धावपळ नको. एक सकाळ सिरपूर तलावावर घालवावी. हिवाळ्यात तेथे पुष्कळ पाणपक्षी येतात. २०२२ मध्ये या तलावाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. दुर्बीण असेल तर न्यावी, नसेल तर शांत बसले तरी पक्षी दिसतात. संध्याकाळी पिपल्यापाला येथील उद्यान किंवा नेहरू पार्क मुलांना आवडते.

पावसाळ्यात सगळे पाताळपाणीचा धबधबा पाहायचा म्हणतात. जरूर जावे, पण वरून, कठड्याच्या आतूनच पाहावे. जुलै २०११ मध्ये तेथे अचानक पाण्याचा लोंढा आला व सहलीला आलेल्या कुटुंबातील माणसे वाहून गेली. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही. मुले सोबत असताना पाण्यात उतरूच नये.

एक दिवस बाहेर

एक पूर्ण दिवस हाताशी असेल तर महेश्वर. अंतर सुमारे ९० ते ९५ कि.मी. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केले ते इंदुराहून नव्हे, नर्मदाकाठच्या महेश्वराहून. होळकरांची राजधानी इंदुरात आली ती १८१८ च्या मंदसौर तहानंतर. बाईंची साधी गादी पाहून, घाटावर बसून नावेतून फिरावे. हातमागावर महेश्वरी साडी विणताना पाहता येते. सकाळी लवकर निघावे, दुपारी घाटाचे दगड फार तापतात.

अर्धाच दिवस असेल तर महू. तेथे १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करात होते. घराणे मूळचे रत्नागिरीकडच्या आंबडव्याचे. जन्मभूमीवरील स्मारक २००८ मध्ये खुले झाले. गाण्याची आवड असणाऱ्यांना देवासला न्यावे. कुमार गंधर्व १९४८ मध्ये तेथे आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

नावांमागची माणसे

काही ठिकाणी थांबायचे नसते, पण जाता जाता सांगायचे असते. सरवटे बसस्थानकावर हजारो लोक उतरतात. ते नाव विनायक सीताराम सरवटे यांचे. तात्यासाहेब स्वातंत्र्यसैनिक, संविधान सभेचे सदस्य आणि मराठी लेखक होते. त्यांच्या कन्या शालिनी मोघे यांनी इंदुरात बालशिक्षणाचे मोठे काम केले व त्यांना १९६८ मध्ये पद्मश्री मिळाली. लता मंगेशकर १९२९ मध्ये, चित्रकार ना. श्री. बेंद्रे १९१० मध्ये आणि राहुल द्रविड १९७३ मध्ये इंदुरातच जन्मले. होळकर स्टेडियमजवळून जाताना सांगावे की, होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला होता. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदुरात तीनदा भरले, १९१७, १९३५ आणि २००१ मध्ये.

मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी

विद्यार्थी मित्रांनो, ही सगळी यादी पाठ करू नका. तुमच्या आवडीचे एकच ठिकाण निवडा. तेथे जाऊन या आणि पाहुण्यांना मराठीत पाच वाक्ये सांगता येतील इतकी तयारी करा. नुसते वर्ष सांगू नका, समोर काय दिसते ते दाखवा. एखादी गोष्ट माहीत नसेल तर 'विचारून सांगतो' म्हणा आणि खरेच विचारा.

पालकांना विनंती की, पाहुण्यांबरोबर मोठ्यांनीच बोलावे असा आग्रह नसावा. आपली मुले घरी मराठी बोलतात, पण ती बहुधा 'जेवायला ये' आणि 'चप्पल काढ' इथवरच राहते. राजवाड्यापुढे उभे राहून चुलत भावाला गोष्ट सांगताना तीच मराठी कामाला येते, वाढते. शब्द अडला आणि मध्ये हिंदी शब्द आला तर हसू नये. आजोबांनी तो शब्द हळूच पुरवावा.

विश्वस्त मंडळींनाही सुचवावेसे वाटते की, वार्षिक सहलींपैकी एक तरी सहल आपल्याच शहरात असावी. मांडू, पचमढी मुले पाहतात, पण गोपाळ मंदिर राहून जाते. आज आजी-आजोबांना ठाऊक असलेल्या कितीतरी गोष्टी कुठेही लिहिलेल्या नाहीत. कुठला वाडा कोणाचा, कुठे कोणते नाटक झाले, हे सारे त्यांच्याकडेच आहे. सहलीला त्यांच्यापैकी दोघे-तिघे आले तर मुलांना ते ऐकायला मिळेल.

येत्या सुट्टीत पाहुणे आले की सराफ्याला जाच. फक्त त्याआधी तासभर लवकर निघा, राजवाडा उघडा असताना पोहोचा आणि पुढची सूत्रे घरातल्या सर्वांत लहान वाटाड्याच्या हाती द्या.