बाजाराच्या वाटेवर बोकडाला जपा



लातूर-नांदेड भागात उस्मानाबादी शेळी गरिबाचा आधार आहे. पण वर्षभर पाला घालून वाढवलेल्या बोकडाचे मोल बाजाराच्या वाटेवरच घटू शकते. ते कसे, बघा.

जनावराच्या मांसात ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते. कापल्यानंतर तिचे लॅक्टिक आम्ल बनते. मटणाचा सामू ७ वरून साधारण ५.५ ते ५.८ वर उतरतो, जंतूंची वाढ मंदावते आणि मटण टिकते. पाय बांधून, उन्हातान्हात, तहानलेला नेलेला बोकड घाबरतो, धडपडतो. ही साखर वाटेतच खर्च होते. मग सामू ६ च्या वर राहतो. मटण काळपट, चिकट होते नि लवकर नासते. डुकराचे उलटे : ऐन कापताना घाबरवले तर आम्ल झपाट्याने बनून मांस फिके, पाणचट होते.

म्हणून एवढे करा :

१) बोकड पहाटेच्या गारव्यात न्या.
२) गाडीत दाटी नको, खाली कडबा पसरा.
३) उलटे टांगू नका, मारू नका.
४) पोहोचताच पाणी पाजा, सावलीत बांधा.

खर्च झालेली साखर दोन-चार तासांत भरून येत नाही. तेव्हा काळजी घरून निघतानाच घ्या.