दहा हजार सह्या

मॅसेच्युसेट्समधल्या लहान गावांत शनिवारी सकाळी अख्खं गाव भेटतं ते कचरा टाकायच्या जागी. बऱ्याच गावांत कचऱ्याची गाडी दारात येत नाही. आठवड्याचा कचरा डिकीत घालून आपणच ‘ट्रान्स्फर स्टेशन’वर न्यायचा. कागद एकीकडे, काच दुसरीकडे, आणि अजून वापरता येतील अशी पुस्तकं-खेळणी बाजूच्या शेडमध्ये ठेवायची. ज्याला हवीत तो नेतो. गाडीच्या काचेवर गावाचा स्टिकर लागतो. सह्या गोळा करणाऱ्याला हा स्टिकर फार मोलाचा, कारण त्यामुळे तिथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याच गावचा असतो. उमेदवारी अर्जाच्या एका कागदावर एकाच गावच्या मतदारांच्या सह्या चालतात.

अमेरिकेच्या सिनेटसाठी या राज्यातून उभं राहायचं तर नोंदणीकृत मतदारांच्या 10,000 सह्या आणाव्या लागतात, आणि त्याही त्या त्या गावच्या कचेरीत तपासून मान्य झालेल्या. अनामत रक्कम नाही. आपल्याकडे लोकसभेला 25,000 रुपये अनामत आणि अपक्षाला दहा प्रस्तावक पुरतात; इथे पैसे मुळीच मागत नाहीत, माणसं मागतात. राज्याच्या स्वतःच्या सिनेटसाठी 300 सह्या, तिथल्या खालच्या सभागृहासाठी 150, अमेरिकेच्या लोकप्रतिनिधी सभेसाठी 2,000. पद जितकं मोठं, तितके जास्त दरवाजे वाजवायचे.

यंदा, 2026 मध्ये, सिनेटची जागा आहे एड मार्की यांची. 1976 पासून ते वॉशिंग्टनमध्ये आहेत, 2013 पासून सिनेटर. ऑक्टोबर 2025 मध्ये त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे सेथ मोल्टन यांनी त्यांना आव्हान दिलं. मोल्टन मरीन दलातून आलेले, मार्कींपेक्षा तीस-बत्तीस वर्षांनी लहान, आणि आता नव्या पिढीला वाट द्या असं उघड म्हणणारे. रिपब्लिकन बाजूने जॉन डीटन. 2024 मध्ये एलिझाबेथ वॉरन यांच्याविरुद्ध हरलेले वकील. टीव्हीवर या नावांची चर्चा चालते ती वय, पैसा आणि ट्रम्प यांच्याभोवती. पण सप्टेंबरच्या प्राथमिक निवडणुकीत मतपत्रिकेवर नाव यायचं तर दोन्ही पक्षांतल्या प्रत्येकाला, पन्नास वर्षं निवडून येणाऱ्यालासुद्धा, हाच रस्ता. मी ज्यांच्यासाठी सह्या गोळा करायला उभी राहते त्यांचं नाव इथे देत नाही. या कामापुरते आम्ही सगळे सारखेच आहोत, आणि मला सांगायचंय ते या कामाबद्दल.

अर्ज फेब्रुवारीत मिळतात आणि मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गावोगावच्या कचेऱ्यांत द्यावे लागतात. म्हणजे बरंचसं काम थंडीत. पारा शून्याखाली गेला की बॉलपेन चालेनासं होतं, म्हणून पेनं कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायची आणि आळीपाळीने बाहेर काढायची. हातमोजे बोटांवर कापलेले. कागद वाऱ्याने फडफडू नये म्हणून पॅडच्या खालच्या टोकाला रबरबँड. समोरच्याला पहिला प्रश्न उमेदवाराबद्दल विचारायचाच नाही. विचारायचं, ‘तुम्ही या गावात मतदार म्हणून नोंदलेले आहात का?’ मग ‘कोणत्या पक्षात?’ दुसऱ्या पक्षात नोंदलेल्या माणसाची सही बाद होते. सुदैवाने या राज्यातल्या साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी कुठल्याच पक्षात नाव घातलेलं नाही, आणि त्यांना कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराच्या कागदावर सही करता येते. उमेदवाराचं नाव निघतं तिसऱ्या वाक्यात.

किराणा दुकानासमोर काम अवघड होतं. तिथे चार-पाच गावांची माणसं येतात, त्यामुळे प्रत्येक गावाचा वेगळा कागद वरखाली करत राहावं लागतं. भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत, मूल रडतंय, आणि आपण विचारतोय, ‘तुमचं गाव कोणतं?’ घाईत भलत्याच गावाच्या कागदावर सही झाली की ती गेली. शिवाय दुकानाचा मॅनेजर बाहेर येऊन ही खासगी जागा आहे, निघा, असं सांगण्याची शक्यता असतेच. आमच्या गटातली बहुतेक माणसं अशा वेळी निमूट पॅड बंद करतात. तसं करायची गरज नाही, हे मला इथे ठासून सांगावंसं वाटतं. पीबडी शहरातल्या नॉर्थ शोअर मॉलमध्ये अमेरिकेच्या काँग्रेससाठी सह्या गोळा करू पाहणाऱ्या बॅचेल्डर नावाच्या उमेदवाराला हटकलं गेलं, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली त्याच्या बाजूने निकाल दिला. आधार होता राज्यघटनेच्या नवव्या कलमाचा: निवडणुका मुक्त असाव्यात. 2014 मध्ये वेस्टवुड गावातल्या एका सुपरमार्केटच्या दाराशी उभं राहू पाहणाऱ्या स्टीव्हन ग्लॉव्स्की यांच्या खटल्यात हाच हक्क एकट्या दुकानाच्या दारापर्यंत आला. दोन्ही खटल्यांत भांडण पुढच्या सत्तेचं नव्हतंच. एका माणसाला दुसऱ्या माणसापुढे कागद धरता येईल का, एवढाच प्रश्न होता, आणि न्यायालयाने तो क्षुल्लक मानला नाही.

नकार पुष्कळ मिळतात. काही जण नजर चुकवतात, काही ‘मी राजकारणात नाही’ म्हणतात, एखादा देशात जे चाललंय त्याचा सगळा राग आपल्यावर काढतो. तो ऐकून घ्यायचा. मागे रांग नसेल तर पूर्ण ऐकायचा. पण मी पुन्हा पुन्हा तिथे जाते ती वेगळ्याच माणसांसाठी. रबरी बूट घातलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्या कागदावरचं नाव वाचून म्हणाले, ‘यांना मी कधीच मत देणार नाही.’ आणि पेन मागितलं. सही, घराचा क्रमांक, रस्ता, सगळं नीट अक्षरात लिहून म्हणाले, ‘उभं तर राहू दे. हरवायचं काम आम्ही करू.’ असं म्हणणारी माणसं अगदीच विरळ नाहीत. सही म्हणजे मत नव्हे, हा फरक इथल्या साध्या माणसाच्या अंगात मुरलेला आहे. उमेदवारी हा पक्षाने टाकलेला तुकडा नाही, शेजाऱ्यांनी दिलेली परवानगी आहे, आणि ती विरोधकालाही द्यावी, ही समज मला निवडणुकीच्या रात्रीच्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते.

सिनेटची जागा कायमच अशी जनतेच्या हातात नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सिनेटर निवडत ते राज्यांच्या विधिमंडळांचे सदस्य, साधारण आपल्या राज्यसभेसारखे. थेट निवडणूक आली 1913 च्या सतराव्या घटनादुरुस्तीने, आणि तिला मान्यता देणारं पहिलं राज्य होतं मॅसेच्युसेट्स, मे 1912 मध्ये.

पाडव्याच्या सुमारास आमच्या भागातल्या मराठी लोकांचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. आत राजकारण नको, म्हणून गटातल्या आम्ही दोघी बाहेर फुटपाथवर उभ्या राहिलो. पैठण्यांवर जाड कोट घातलेल्या बायका, श्रीखंडाचे डबे, पोरांची धावपळ. इथली आमची माणसं करांबद्दल, शाळांबद्दल, व्हिसाबद्दल तावातावाने बोलतात, पण सही म्हटलं की दचकतात. ‘पुढे काही लफडं नाही ना होणार?’ हा प्रश्न त्या दुपारी कितीदा आला! ग्रीन कार्डवाल्यांना सही करताच येत नाही, त्यांना तसं स्पष्ट सांगावं लागतं. नवीन नागरिक झालेल्यांना मात्र थोडं थांबवून समजवावं लागतं की हा तुमचाही कागद आहे.

सत्तरीच्या पुढच्या एक काकू मुलाबरोबर आल्या होत्या. आदल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतलेली, लगेच मतदार नोंदणीही केलेली. पेन हातात घेऊन त्या थबकल्या.

‘अगं, माझी सही मराठीत आहे. बँकेत असल्यापासून तीच. चालेल का?’

नियम सांगतो की मतदाराने नाव नोंदणीत आहे तसं, किंवा जवळजवळ तसं लिहावं. ‘काकू, नोंदणीच्या फॉर्मवर कशी केली होतीत?’ मी विचारलं.

‘तशीच. मराठीतच.’

‘मग तशीच करा. पण पत्ता इंग्रजीत लिहा, अगदी सुवाच्य.’

मुलगा म्हणाला, ‘आई, कशाला उगाच? बाद होईल.’ काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. शिरोरेषा ओढून सही पूर्ण केली आणि खाली पत्ता लिहिला.

सह्यांचे कागद त्या त्या गावच्या टाउन क्लर्ककडे जातात. राज्यात 351 शहरं आणि गावं आहेत, प्रत्येकाची कचेरी वेगळी, उघडायच्या वेळा वेगळ्या. काउंटरच्या पलीकडची बाई एक एक ओळ घेते. ओळीखाली पट्टी ठेवते, पडद्यावर पत्ता शोधते, नाव जुळवते, शंका आली तर नोंदणीच्या फॉर्मवरची सही उघडून पाहते आणि कागदावर खूण करते. बाद सहीपुढे एकेक अक्षर लिहायचं असतं: त्या पत्त्यावर असा मतदार नाही तर ‘एन’, सही ओळखू येत नाही तर ‘एस’, गाव चुकलं तर ‘डब्ल्यू’, दुसऱ्या पक्षात नोंद असेल तर ‘ई’. भाड्याच्या घरांतली तरुण माणसं दरवर्षी घर बदलतात आणि नोंदणी जुन्या पत्त्यावर राहते, म्हणून विद्यापीठांच्या भागातले कागद ‘एन’ने भरून जातात. वृद्धांच्या थरथरत्या सह्यांपुढे ही बाई सर्वांत जास्त वेळ थांबते. बाद करण्यासाठी नाही. जुनी सही काढून, मोठी करून, एखादं वळण तरी जुळतंय का ते पाहण्यासाठी.

काकूंच्या ओळीवर ती थांबली. पत्ता पडद्यावर टाकला. फॉर्म उघडला आणि पडद्यावर तीच देवनागरी सही आली, तीच लांब शिरोरेषा. तिने दोन्ही पाहिल्या, मान्यतेची खूण केली आणि पुढच्या ओळीवर पट्टी सरकवली. तिला ती लिपी कोणती हे माहीत असायची गरज नव्हती. संध्याकाळी मी काकूंना फोन केला.

या तपासणीतल्या गळतीमुळे कोणीही 10,000 वर थांबत नाही; बऱ्याच जास्त सह्या घ्याव्या लागतात. ते न जमल्याने भलेभले अडकले आहेत. 2006 मध्ये डायॅन विल्करसन राज्य सिनेटच्या पदावर असलेल्या सदस्य होत्या. त्यांना 300 मान्य सह्या वेळेत देता आल्या नाहीत आणि मतपत्रिकेवर नाव नसताना, मतदारांना नाव लिहायला किंवा चिकटवायला सांगत लढावं लागलं. जिंकल्या, पण घाम फुटला. करोनाच्या 2020 मध्ये तर माणसाने माणसाजवळ जाणंच बंद झालं, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सह्यांची अट निम्मी केली आणि संगणकावरून घेतलेल्या सह्यांनाही वाट दिली.

आता या कामात पैसा शिरलाय, आणि त्याने मी अस्वस्थ होते. ज्यांच्याकडे निधी आहे ते सहीमागे पैसे देऊन माणसं लावतात. त्या माणसांचा दोष नाही, पोटासाठी थंडीत उभं राहणाऱ्याबद्दल मला आदरच आहे. पण सहीचा भाव ठरला की खोट्या सहीचाही भाव ठरतो. 2022 मध्ये मिशिगनमध्ये गव्हर्नरपदाचे पाच रिपब्लिकन उमेदवार मतपत्रिकेबाहेर गेले, कारण कंत्राटी लोकांनी आणलेल्या कागदांवर हजारो सह्या बनावट होत्या. आणि जिथे फसवणूक नाही तिथेही उमेदवार एका गोष्टीला मुकतो. जो स्वतः पॅड घेऊन उभा राहतो त्याला कोणत्या गावात शाळेची बस बंद झाली, कुठे दवाखाना मिटला, हे कागद भरता भरता कळतं. विकत घेतलेला कागद फक्त नावं आणतो.

या राज्याला उभं राहण्याची किंमत ठाऊक आहे. 2010 च्या जानेवारीत टेड केनेडी यांच्या मृत्यूने रिकाम्या झालेल्या सिनेटच्या जागेसाठी पोटनिवडणूक होती. आघाडीवरच्या मार्था कोकली यांनी फेनवे मैदानाबाहेर थंडीत उभं राहून हस्तांदोलनं करण्याच्या कल्पनेबद्दल असा काही नाक मुरडणारा सूर लावला की तो राज्यभर पसरला. जुना पिकअप ट्रक घेऊन गावोगाव फिरणारे स्कॉट ब्राऊन पाच टक्क्यांच्या आसपास फरकाने जिंकले. हरण्याची कारणं अनेक होती, पण लोकांच्या तोंडी राहिलं ते हेच.

मान्य झालेले कागद पुन्हा गावोगावी जाऊन उचलायचे, मोजायचे आणि जूनच्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये, अॅशबर्टन प्लेसच्या सतराव्या मजल्यावरच्या निवडणूक विभागात द्यायचे. त्यानंतर विरोधक आक्षेप घेऊ शकतात, आणि मग तपासणी मंडळापुढे एकेका ओळीवर वाद होतो. म्हणून आमच्या गटात प्रत्येक कागदाची प्रत काढून ठेवतात, आणि ज्या गावांतून सह्या कमी आल्या त्यांची यादी भिंतीवर लावलेली असते. अजून बर्कशायरच्या डोंगराकडची बरीच गावं बाकी आहेत. तिथलं ट्रान्स्फर स्टेशन सकाळी लवकर उघडतं, त्यामुळे निघायचं पहाटेच.